तर्री गुणिले तीन

हिशेबात आपला हात कोणी धरणार नाही, असं माझं मत आहे. लेखा विभागातून निवृत्त झालेल्या प्रत्येकाचं असतं. नातीने पायथन शिकवायला घेतलं तेव्हा मी आधीच बजावलं, ‘बेरजेपासून सुरू करू नको, ते येते आपल्याला.’

तिने बेरजेपासूनच सुरू केलं. इनपुट फंक्शनने कालचं आणि आजचं तापमान विचारलं. मी ४६ नि ४७ टाकले. उत्तर आलं ४६४७. मे महिन्यातल्या नागपुरात हा आकडा कोणी खोटा म्हणणार नाही, म्हणून मी गप्प.

‘आबाजी, इनपुट जे काही देते ते स्ट्रिंग असते. आकडा दिसला तरी त्याच्यासाठी अक्षरंच. अक्षरांत अधिक म्हणजे फक्त जोडणं. आधी इंटमध्ये टाका, मग त्याचा पूर्णांक होतो.’

टाकलं, ९३ आले. देवनागरी आकडेही इंटने निमूट घेतले, याचा मला उगाच अभिमान वाटला. एक इंट आणि एक स्ट्रिंग दिली, तर मात्र टाइपएरर. जावास्क्रिप्ट अशा वेळी गुपचूप जोडून मोकळी होते. पायथन तोंडावर नाही म्हणतो. वैदर्भीय स्वभाव.

गुणाकारात मी रमलो. ‘तर्री’ गुणिले ३ केलं, तर ‘तर्रीतर्रीतर्री’! आता तर्रीचं निघालंच आहे तर सांगतो. पोहे हे निमित्त असतं. खरं काम लाल तेलाखाली दडलेल्या चण्यांचं, वर कच्चा कांदा नि चिवडा. ‘तर्री वेगळ्या वाटीत द्या’ म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा आणि त्याच्याशी सोयरीक करू नये. ठेल्यावर तिसऱ्यांदा तर्री मागितली की पोऱ्या म्हणतो, ‘काकाजी, पोहे तं संपले, कशावर टाकू?’ पायथन असलं काही विचारत नाही. शून्याने गुणलं तर रिकामी स्ट्रिंग देतो, तीही बिनतक्रार. फक्त दीडने गुणू देत नाही. पूर्णांकच पाहिजे. दीड तर्री मागायला गेलो, टाइपएरर.

मग खरं-खोटं ठरवणारं बूल आलं. स्ट्रिंगमध्ये एखादं अक्षर जरी असलं तरी बूल म्हणतं ट्रू. रिकामी असली तरच फॉल्स. मी ‘मेला’ लिहून पाहिलं. ट्रू. नात खिदळली. मला नोव्हेंबर आठवला. हयातीच्या दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. मशीन अंगठा घेईना. ती लुगड्याच्या पदराला अंगठा पुसायची, पुन्हा ठेवायची. भांडी घासून रेघाच राहिल्या नव्हत्या. ‘मी हाय ना बापा इथं,’ ती म्हणत होती. खिडकीतला पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘सिस्टीम घेऊन नाही राहिली.’ इथे ‘मेला’सुद्धा ट्रू होतो, आणि ती बाई बोलत असूनही होईना. माझं डोकं अजून तापतं.

‘आबाजी, लक्ष द्या. आता लिस्ट. फंक्शनला आकडा किंवा स्ट्रिंग दिली, तर तुमचं मूळ तसंच राहतं. लिस्टचं तसं नाही. फंक्शनने आत अपेंड केलं, तर तुमचीच लिस्ट वाढते. लोक इथं हमखास फसतात.’

‘मग देण्याआधी कॉपी काढून ठेवावी.’

ती बघतच राहिली. ‘तुम्हाला कसं समजलं?’

पोरी, झेरॉक्स काढल्याशिवाय मी साधा रजेचा अर्जसुद्धा कोणाच्या टेबलावर सोडला नाही.