गोट्या आणि संत्री निघाले जर्मनीला

मांजरांच्या जातवाल्यांनी विमानात बसण्याचं आमच्या मध्य प्रदेशाला काही अप्रूप राहिलेलं नाही. १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियाचे आठ चित्ते खास बोइंग ७४७मधून आले. विमानाच्या नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं. ग्वाल्हेरला उतरून हेलिकॉप्टरने कुनोला, आणि तिथे पिंजरा उघडायला साक्षात पंतप्रधान! आमची दोन मांजरं पांढुर्ण्याहून उलट दिशेने निघाली, तेव्हा निरोपाला आई, शेजारच्या काकू आणि सायीची आशा न सुटलेला गल्लीतला एक बोका, एवढाच लवाजमा होता.

बायकोला श्टुटगार्टला नोकरी लागली. मांजरं येणार नसतील तर आपणही जाणार नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नवऱ्याबद्दल अशी काही अट नव्हती.

दोघांपैकी गोट्या आमच्या घरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकण्यात दंग होते, तेव्हा हा आमच्या धान्याच्या कोठीमागे जन्मला. गोटमारीचा म्हणून गोट्या. संत्री बायकोच्या माहेरची, सौंसरची. नाव रंगावरून पडलं, पण स्वभावही हंगामाच्या सुरुवातीच्या संत्र्यासारखा.

मला वाटलं होतं, तिकीट काढलं की झालं. पण युरोपात मांजर न्यायचं म्हणजे आधी त्याच्या मानेजवळ कातडीखाली चिप बसवायची. तिचा नंबर पंधरा आकडी. आपल्या आधारला बाराच आकडे, म्हणजे सुरुवातच तीन आकड्यांनी वरचढ. मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, कारण ती नेमकी याच मांजराला दिली याला पुरावा काय? लसीनंतर निदान तीस दिवस थांबून रक्त काढायचं आणि युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट प्रतिपिंडं निघाली तर पास. म्हणजे मांजरांआधी त्यांचं रक्त जर्मनीला जाऊन पोहोचलं. दोघंही पहिल्या फटक्यात पास झाली. आमच्या खानदानात परदेशी परीक्षा पास होणारी ही पहिलीच. तरी रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचंच. मला व्हिसा त्याच्या आत मिळाला.

खरी अडचण वजनाची निघाली. आमच्या विमानात मांजर सीटखाली नेता येत होतं, पण पिशवीसकट आठ किलोच्या आत. गोट्याला तोलायचं कशावर? शेवटी संत्र्याचे क्रेट तोलायच्या काट्यावर बसवला. बसला कसला, पसरला. नुसतं मांजर सात किलो, वर पिशवीचे दीड. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, माल जड आहे, दोन खेपा करा."

गोट्याचा खुराक कमी केला. पंधरा दिवसांनी तोलला तर शंभर ग्रॅमने वाढलेला. पाळत ठेवली तेव्हा पहाटे स्वयंपाकघरात आई सापडली, हातात सायीची वाटी.

"अवो आई, त्याला डाएटवर ठेवलाय ना!"

"कायचं डाएट? परमुलखात चालला लेकरू. उपाशी धाडू काय त्याले?"

मला मात्र चहासोबत टोस्ट मोजून दोन मिळत होते.

अखेर गोट्या उतरला, आईच्या नकळत. सरकारी पशुवैद्याचं प्रमाणपत्र झालं. ते युरोपात शिरायला दहाच दिवस चालतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घरात लगीनघाई. पांढुर्णा २०२३ला जिल्हा झाला खरा, पण आमचं विमान दिल्लीहून, म्हणून प्राण्यांच्या विलगीकरण केंद्राचा शिक्काही दिल्लीलाच घ्यायचा होता. मांजर डब्यात न्यायचं तर पहिल्या एसीचा अख्खा कूपे लागतो, म्हणून नागपूरहून तो केला. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या वर्गात बसलो, तेही मांजरांचा सोबती म्हणून.

दिल्ली विमानतळावर सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रेमधून जाते, मांजर जात नाही. त्याला बाहेर काढून छातीशी धरायचं आणि चौकटीतून चालत जायचं. पट्टा आधीच ट्रेमध्ये गेलेला. एका हाताने गोट्या, दुसऱ्या हाताने पँट. गोट्याने चारही पंजे शर्टात रोवले, मग शर्टापलीकडे. मागे रांग वाढत चाललेली. जवानाने हातातलं यंत्र माझ्याभोवती फिरवलं, गोट्याशी येऊन थबकला.

"काटता है?"

"नहीं जी."

"कहाँ से हो?"

"पांढुर्णा."

"अच्छा, वो पत्थर वाला गाँव!" म्हणत तो एक पाऊल मागे सरला. आमच्या दोघांपैकी कोणाला घाबरून, ते कळलं नाही. संत्री मात्र बायकोच्या खांद्यावरून माहेरवाशिणीच्या तोऱ्यात पार झाली.

विमान धावपट्टीवर पळू लागलं आणि गोट्याने सूर लावला. पुढचे गृहस्थ वळून बघायला लागले. मी त्यांना किडोची गोष्ट सांगितली. १९१०च्या ऑक्टोबरात वॉल्टर वेलमनचं 'अमेरिका' हे हवाई जहाज अटलांटिक ओलांडायला निघालं, त्यात किडो नावाचं मांजर होतं. त्याने इतका उच्छाद मांडला की जहाजावरून बिनतारी निरोप गेला तो मांजराला घेऊन जा म्हणून. पिशवीत घालून खालच्या बोटीत सोडायला गेले, पण समुद्र खवळलेला, म्हणून परत वर ओढलं. पुढे जहाजच सोडून द्यायची पाळी आली. माणसं वाचली, किडोही वाचला. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कानात बोळे घातले.

फ्रँकफुर्टला आम्ही फायली उघडून उभे. कस्टमवाल्या बाईंनी चिपवर यंत्र धरलं, पंधरा आकडे जुळवले, कागद पाहिले आणि गोट्याकडे बघून चक्क हसल्या. इतक्या महिन्यांची तपश्चर्या, काम पाच मिनिटांचं! मग त्यांचं लक्ष माझ्या बॅगेकडे गेलं. साड्यांच्या घडीत आईने गुपचूप तुपाची बरणी खोचलेली. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी. तुपाजवळ ना चिप, ना प्रमाणपत्र. बरणी डब्यात गेली.

श्टुटगार्टला पोहोचून फोन लावला. आईने मला बघितलंच नाही.

"गोट्याले दाखव आधी. कसा वाळून गेला रे! तूप देल्लं का त्याले?"

"देल्लं ना, आई."

"आन तुले पुरलं का मंग?"