लेकीला घर, आईला झाड

आमच्या भावकीत एका बांधावरून दावा चालू आहे. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, बांध मात्र तिथेच आहे. म्हणजे अगदी तिथेच नाही, दर पावसाळ्यात तो वीतभर इकडे नाहीतर तिकडे सरकतो. अशा घराण्यातल्या माणसाने महाबळेश्वरच्या उतारावर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवू नयेत. वसंत आला की जिवाला फार लागतं. ऐन फुलोऱ्यात माश्यांकडेही वाटणी निघते आणि एका दुपारीत निकाली लागते. वर घर सोडते ती म्हातारी!

ही वाटणी नडलेल्या घरात होत नाही, भरल्या घरात होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोरा सुरू झाला की मकरंद आणि पराग पेटीत येऊ लागतात, राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते आणि पेटीत मुंगीलाही शिरायला जागा उरत नाही. एवढ्या गर्दीत राणीच्या अंगचा गंध शेवटच्या कामकरी माशीपर्यंत पुरेसा पोचत नाही. आईसाहेब घरात आहेत, ही बातमीच जिला लागत नाही, ती नव्या आईसाहेबांच्या तयारीला लागते. पोळ्याच्या खालच्या कडेला लांबट, लोंबती राणीघरं दिसू लागतात.

पुढचा भाग आमच्या घरी कधीच जमला नसता. कामकऱ्या राणीचा खुराक तोडतात आणि तिला ढोसून ढोसून पोळ्यावर फिरवतात. तिची अंडी कमी होतात, अंग हलकं होतं आणि एरवी जडशीळ झालेली बाई उडायला लायक होते. आमच्या आजीची बासुंदी डॉक्टरांच्यानेही बंद झाली नव्हती.

राणीघरांची तोंडं मेणाने बंद झाली की एखाद्या स्वच्छ, उन्हाच्या दिवशी निम्म्याहून अधिक माश्या पोटभर मध पितात आणि जुन्या राणीला घेऊन निघतात. बांधलेलं घर, उरलेला मध, वाढती पिल्लं, सगळं अजून जन्मायच्या लेकीच्या नावे. तलाठी नाही, साक्षीदार नाही, ‘माझ्या वाट्याला काय?’ हा प्रश्न नाही.

थवा जवळच्या फांदीवर घड करून लटकतो आणि काही अनुभवी माश्या घर बघायला जातात आणि परतून नाचाने जागा सांगतात. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाला १९४९ साली म्युनिकमध्ये थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने आणि विटांच्या भुकटीने माखलेल्या दिसल्या. परागाचा मात्र पत्ता नव्हता. युद्धात पडझड झालेल्या त्या शहरात त्या धुराडी आणि भिंतींची भोकं पाहून आल्या होत्या! जागा चांगली असेल तर माशी जास्त वेळा नाचते, बेताची असेल तर लवकर थांबते. शेवटी बहुतेक नाच एकाच जागेचा उरतो आणि मंडळी उठतात. आपला मुद्दा कमजोर आहे म्हणून आपणहून गप्प बसणारा सभासद मी आमच्या सोसायटीच्या सभेत अजून पाहिलेला नाही.

हे सगळं लांबून फार उदात्त आहे. पेटी आपली असेल, तर ऐन मधाच्या हंगामात निम्मे कामगार राजीनामा न देता गेले, एवढाच त्याचा अर्थ. मग मालक उपायांना लागतो. वर मधकोठी चढवून जागा वाढवतो, जुनी काळी पोळी काढतो, राणीघरं मोडतो. यातलं राणीघरं मोडणं म्हणजे निव्वळ स्थगिती आदेश. अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण सोळा दिवस लागतात आणि जवळपास निम्म्या वाटेवर राणीघर बंद होतं, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक चौकट तपासावी लागते. माश्यांच्या गर्दीआड एक जरी राणीघर राहून गेलं, की पुढच्या तारखेला वादी-प्रतिवादी दोघेही गैरहजर.

आमच्याकडच्या एका जुन्या मधपाळ काकांनी मला यातली मेख सांगितली. “अवो, जानाऱ्याला धरून ठिवू नगा. गेल्यावानी करा.”

म्हणजे वाटणी व्हायच्या आधी आपणच करून द्यायची. जुन्या राणीला दोन-तीन चौकटी पिल्लं, मधाची चौकट आणि भरपूर माश्यांसह नव्या पेटीत घालून दुसरीकडे न्यायचं. तिला वाटतं, आपण निघालो. जुन्या जागी एखादं-दुसरंच चांगलं राणीघर ठेवायचं. त्यांना वाटतं, म्हातारी गेली. जास्त राणीघरं ठेवली तर पहिली लेक बाहेर आली की तिला घेऊन दुसरा थवा, मग पुढचीला घेऊन तिसरा, असं घर पोकळ होत जातं. नवी पेटी जवळच ठेवायची असेल तर तिच्यात कोवळ्या माश्या जास्त झटकाव्यात, कारण बाहेर हिंडणाऱ्या माश्या जुन्या पत्त्यावरच परततात. बारशाला आत्याही इतक्या निष्ठेने येत नाहीत.

यात अवघड काम एकच, हजारो माश्यांत राणी शोधणं. ती आपल्याला सोडून सगळ्यांना दिसते. “ती बघा की!” काका म्हणतात, आणि मी आदराने भलत्याच माशीकडे बघतो. त्यानंतर काम नशिबाचं. नवी राणी नरांशी मीलनासाठी उडते तेव्हा वाटेत वेडा राघू बसलेला असतो. एक राणी त्याचा एक घास. ती सुखरूप परतली आणि अंडी घालू लागली, की एकीच्या दोन वसाहती होतात. आमच्या भावकीत आजवर एकाचे दोनच झाले, पण ते दावे.

तेव्हा फेब्रुवारीत पेटी उघडा, राणीघर दिसलं तर रागावू नका, वाटणी करून द्या. आणि पेट्या नसलेल्यांनाही एक विनंती. अंगणातल्या झाडावर सातेरीचा थवा लटकलेला दिसला तर रॉकेल, धूर, झुरळांचा फवारा यातलं काही आणू नका. पोट भरलेलं असतं आणि राखायला घर नसतं, म्हणून छेडल्याशिवाय या माश्या सहसा डसत नाहीत. जागा ठरली की त्या आपण होऊन जातात, नाहीतर जवळच्या मधपाळाला बोलवा, तो आनंदाने घेऊन जाईल. उंचावर लटकलेलं मोठं आग्या मोहोळ मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे कोणीही मध्यस्थी करू नये.