आठ-ए शोधते सोयरीक

टेक हाउसच्या डीजेला हल्ली गाणं ऐकण्याआधी त्याची पत्रिका लागते. ती मांडायला कॅमलॉट चक्र आहे : १ ते १२ आकडे, मायनर पट्टीला ए, मेजरला बी. ए मायनर म्हणजे ८ए. तिचे गुण ७ए, ९ए आणि ८बी यांच्याशी जुळतात. ३एचं स्थळ आलं की डीजे नाक मुरडतो.

आता या संगीताचा संसार बघा. किक, क्लॅप, हाय-हॅट आणि बऱ्याचदा एकाच सुरावर अडून बसलेला बेस. निव्वळ तालवाद्यांच्या तुकड्यालाही सॉफ्टवेअर बेधडक पट्टी चिकटवून देतं.

खरी गंमत वेगाची. टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलवर पिचची दांडी ८ टक्के वर-खाली सरकते आणि वेगाबरोबर सूरही चढतो. १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोक्यांचं) गाणं १२७ वर नेलं की जवळजवळ अर्धा सूर चढला, पांढरी सहाचं गाणं काळी पाचला गेलं. म्हणजे ८ए झाली ३ए, नाकारलेलं स्थळच घरात!

त्यावर उपाय म्हणून डिजिटल प्लेअरवर 'मास्टर टेम्पो'चं बटण आहे. वेग बदलला तरी सूर जागचा हलत नाही. २०१२च्या सीडीजे-२००० नेक्सस प्लेअरमध्ये ताल आपोआप जुळवणारं 'सिंक'ही आलं. ते दाबणं कमीपणाचं मानणारी मंडळी 'कानानेच' ताल जुळवतात, मात्र नजर दशांशातल्या बीपीएमवर.

इतकं करून दोन गाण्यांतल्या दोन गायिका एकाच वेळी गाऊ लागतात. शब्द कोणाचेच कळत नाहीत. पट्टी तेवढी बिनचूक जुळलेली असते.