वाऱ्याचे बप्पा

करमाळा तालुक्यात बप्पांना गाठायचं असेल तर त्यांच्या घरी जाऊ नये. जेऊर स्टेशनबाहेरची चहाची टपरी, नाहीतर करमाळ्यात तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला, या दोन ठिकाणी ते हमखास सापडतात. खांद्यावर उपरणं, बगलेत लोकांच्या सात-बाऱ्याची प्लास्टिकची पिशवी, नजर झाडाच्या शेंड्याकडे. "आज नैऋत्येचा हाय," हे ते कुणी न विचारता सांगतात.

बप्पा मूळचे पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर हिंडायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर. पाणी लागलं तर बप्पांचा हातगुण, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब. पुढं उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांना पाणाड्याची गरज उरली नाही, आणि माळावरच्या गावांचा पाणाड्यावर विश्वास उरला नाही. त्याच सुमाराला शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात भूम-वाशीच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बप्पा एसटीनं जाऊन बघून आले आणि जमिनीखालचं सोडून वरचं बघायला लागले.

पद्धत सोपी. माळाच्या उंचवट्यावर उभं राहायचं, उपरण्याचं एक टोक धरून दुसरं सोडायचं. उपरणं कमरेपर्यंत उठलं तर दोन चक्क्या, खांद्यापर्यंत उठलं तर चार. हातातून सुटून बाभळीत अडकलं, तर "कंपनीला फोन लावा!" ही पाहणी ते फक्त आषाढात करतात. कार्तिकात बोलावलं की गुडघा दुखतो. कारण उघड आहे. आपल्याकडचा खरा वारा जून ते सप्टेंबर, मोसमी वाऱ्यांचा. दिवाळीनंतर बप्पांचं उपरणं खांद्यावरच झोपलेलं असतं.

बप्पांना वाऱ्यातलं काहीच कळत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मालदांडी ज्वारी खळ्यावर उपणायची असायची तेव्हा वावडीवर कुणी आणि कधी चढायचं, हे तेच सांगत. "थांबा, आत्ता येतोय," म्हणायचे, आणि वारा यायचा. अडचण एवढीच की वावडीवरचा माणूस दहा-बारा फुटांवर, आणि हल्लीच्या चक्कीचा आस शंभर मीटर आणि त्याच्याही वर. खाली झाडं, घरं, बांध वाऱ्याला अडवतात. वर त्याला रान मोकळं असतं.

हे समजावून सांगायला एका कंपनीचा इंजिनिअर पोरगा आला होता. त्याच्या माणसांनी माळावर तारांनी ताणलेला जाळीचा उंच खांब उभा केला, त्यावर ठरावीक उंचीवर गरगर फिरणारी तीन वाट्यांची यंत्रं बसवली. दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवायची, निदान वर्षभर. बप्पा बराच वेळ वाट्या बघत राहिले. म्हणाले, "तीन लागत्यात व्हय तुम्हाला? माझं एका उपरण्यात भागतंय."

त्या पोरानं बोलता बोलता सांगितलं, की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. बप्पांनी तेवढं नेमकं उचललं. आता ते प्रत्येक बांधावर सांगतात, "वारा दुप्पट, वीज आठपट." वेग निम्मा झाला की आठवा हिस्साच उरतो, ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू ते सांगत नाहीत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं 120 मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे 98 हजार मेगावॅट धरली आहे, हेही त्यांच्या कानावर आलंय. "त्यातलं दोन-तीनशे आपल्याच शिवारात," असं म्हणून ते चहा मागवतात.

बप्पांमुळे घराघरात उलथापालथ झाली ती वेगळीच. वाटणीत थोरल्याला कंदरकडची बागायत, धाकट्याला मुरमाड माळ. केळीची पानं फाटू नयेत म्हणून थोरला बागेभोवती शेवरी लावून वारा अडवतो. धाकट्याच्या माळावर अडवायला कुसळाशिवाय काही नाही. वीस वर्षं धाकट्याकडं कुणी बघितलं नाही. बप्पांचं उपरणं बाभळीत अडकलं त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा म्हणाल्या, "भावजी, जेवूनच जावा." थोरला तेव्हापासून वाटणी पुन्हा मोजायची म्हणतोय.

बप्पा वाऱ्याचे पैसे घेत नाहीत. "देवाचा वारा, त्याचं काय घ्यायचं?" पेट्रोल, झेरॉक्स आणि दुपारचं जेवण तेवढं घेतात. त्यांच्यामागून पांढऱ्या गाडीतून उतरणारा एजंट मात्र घेतो. तो पाचशेचा स्टॅम्पपेपर आधीच टाइप करून आणतो, आणि कुठं सही करायची त्या जागेवर पेन्सिलीची फुली असते.

तेव्हा बप्पा तुमच्या बांधावर आले तर त्यांना चहा जरूर पाजा, उपरणंही उडवू द्या. करमणूक म्हणून वाईट नाही. पण फुलीवर सही करण्याआधी खांबावरच्या बारा महिन्यांच्या नोंदी मागा. रस्ता आणि तारा कुणाच्या रानातून जाणार, भाडं कोणत्या तारखेपासून सुरू होणार आणि चक्की उभीच राहिली नाही तर जमीन कधी मोकळी होणार, हे करारात लिहून घ्या. आणि तो कागद बप्पांना नव्हे, वकिलाला वाचायला द्या. बप्पांचा चष्मा गेल्या आषाढात उपरण्याबरोबरच उडालाय.