ग्रंथालय आपल्या खिशात

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं मोबाईल अ‍ॅप आल्यापासून पुस्तक न मिळण्याचा त्रास पार संपला. पूर्वीही ते मिळत नसेच; पण त्यासाठी जिने चढा, काउंटरवर चिठ्ठी भरा, मग शिपाईमामा आत जाऊन सावकाश हात हलवत परत येणार. आता तेच काम कँटीनमध्ये चहा पिता पिता उरकतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा. तो इतक्या मनोभावे कुणी पाळला नसेल. (पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा पहिला नियम. तो पुढच्या अपडेटमध्ये येईल.)

अ‍ॅपमध्ये पुस्तकाचं नाव टाकलं की हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’ उमटतं. ते बघूनच निम्मा अभ्यास झाल्यासारखा वाटतो. पुस्तक मांडणीवर नसतं, कारण ते कुठल्याशा सरांनी नेलं आणि सर निवृत्त झाले. पण अ‍ॅपचा सरांवर अजून विश्वास आहे. मराठी पुस्तक मात्र रोमन लिपीत शोधायचं. ‘ज्ञानेश्वरी’ डीपासून सुरू होते, जीपासून की जेपासून, हे नोंद करणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मर्जीवर. मुलं तिन्ही करून बघतात. संशोधनाची सवय लागते ती अशी.

१ जानेवारी २०२५ पासून तर केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि हे सगळं तळहातावर! दोन स्तंभांत छापलेला शोधनिबंध मोबाईलवर वाचणं ही साधनाच आहे. डावा स्तंभ दोन बोटांनी मोठा करायचा, तळापर्यंत उतरायचं, पुन्हा वर चढून उजवा पकडायचा. तेवढ्यात घरून ‘जेवलास का?’ असा फोन येतो आणि पीडीएफ पुन्हा पहिल्या पानावर. सारांश तेवढा तोंडपाठ होतो.

वाचनकक्षात मोबाईलला सक्त मनाई आहे. त्या पाटीखालीच अ‍ॅपचा क्यूआर कोड चिकटवला आहे. काही खवचट मंडळी हसतात. मला तर यात शिस्त आणि प्रगती एकाच भिंतीवर सुखाने नांदताना दिसतात.

पण अ‍ॅपचा खरा पराक्रम हजेरीत आहे. ग्रंथालयात रोज किती जण येतात, हे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवावं लागतं. म्हणून प्रवेशद्वारावर दुसरा कोड लावला: स्कॅन करा, नोंद झाली. एका कर्तबगार विद्यार्थ्याने त्याचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून वाचनसंस्कृती अशी फोफावली की दिवाळीच्या सुट्टीत, दाराला कुलूप असतानाही, लातूरपासून सावंतवाडीपर्यंतची मुलं ग्रंथालयात हजर होती. आलेख सरळ वर गेला आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच छापायचं ठरलंय.