आधी पन्हळ, मग पंप

संग्रहालयात वाळवी दिसली की पहिला फोन फवारणीवाल्याला जातो. तो गवंड्याला जायला हवा.

जमिनीतून येणाऱ्या वाळवीचे अंग मऊ असते, कोरड्या हवेत ती टिकत नाही. म्हणून ती मातीची नळी बांधत, ओल राखत भिंत चढते. तिला वर येण्याची सोय आपणच करून देतो: फुटकी पन्हळ, जोत्याशी साचणारे पाणी, पाझरणारा नळ, भिंतीला चिकटवून ठेवलेले लाकडी कपाट. हे तसेच ठेवून केलेली फवारणी म्हणजे पैशाची नासाडी. नळ्या खरवडून भिंत रंगवणे त्याहून घातक. वस्ती जमिनीत जिवंत राहते आणि तिचा माग तेवढा पुसला जातो.

पणाला काय लागलेले असते? पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. कोरीव दारे, खिडक्या, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. १९२० च्या सुमारास एका माणसाने जमवायला घेतले आणि त्यात सारे आयुष्य घातले. असे लाकूड वाळवी आतून खाते, वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. दार धड दिसते आणि बोट दाबले की आत जाते. ते दार कुठल्याही निधीतून परत मिळत नाही.

उपाय माहीत नाहीत, असे मुळीच नाही. उभ्या इमारतीसाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण दर ३० सेंटिमीटरवर भोके पाडायची आणि औषध खालच्या मातीत पोचवायचे. औषधाची जागा तीच. फवारणीचा पंप रंगवलेल्या लाकडाकडे, पोथीकडे, पैठणीकडे वळता कामा नये. डाग पडतात, रंग सुटतात. कीड लागलेली वस्तू हवाबंद आवरणात ठेवून आतला प्राणवायू नायट्रोजनने हटवता येतो. काही आठवड्यांत कीड मरते आणि वस्तूला रसायनाचा थेंबही लागत नाही. ते काम मात्र प्रशिक्षित संवर्धकाचे आहे, सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराचे नव्हे.

वर्षातून एकदा येणारा ठेकेदार संग्रहालय वाचवत नाही. बॅटरी घेऊन दर आठवड्याला कपाटामागे, जिन्याखाली, तुळयांच्या टोकांशी वाकून बघणारा माणूस ते वाचवतो. पावसाळ्यात त्याने जास्तच बघावे. पहिल्या सरींनंतर पंखवाली वाळवी उडते, खिडकीपाशी गळालेल्या पंखांचा खच पडतो. तो झाडून टाकण्याआधी नोंदवहीत जागा आणि तारीख लिहिली गेली पाहिजे.

मागणी साधी आहे. प्रत्येक संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात छप्पर आणि पाण्याच्या निचऱ्याला पहिला हक्क द्या, संवर्धकाचे पद भरा आणि तपासणीची वही कोणालाही बघता येईल अशी ठेवा. तिकीट काढताना आपणही ती वही मागावी. संग्रह आपला आहे.