मुक्काम पोस्ट युरोप

आमच्या वन्संना मोनालिसा दाखवली असती, तर त्यांनी आधी त्या संग्रहालयाचा पिनकोड विचारला असता. पॅरिस आमच्या यादीत नव्हतं, म्हणून मोनालिसा वाचली.

वन्संची उभी नोकरी टपाल खात्यात, सॉर्टिंगला गेली. त्या लागल्या तेव्हा पिनकोड अजून नवा होता. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातले मोठे अधिकारी असून संस्कृतचे कवी होते, ही माहिती वन्सं कुठल्याही लग्नकार्यात नव्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्या वाक्यात देतात. पहिलं वाक्य ‘राहता कुठे?’ असं असतं. समोरचा ‘कोथरूडला’ म्हणाला, की त्यांचा चेहरा पडतो. ‘कोथरूड हा पत्ता नव्हे, ती दिशा झाली.’

म्युनिकला असलेल्या आमच्या मुलाने मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा तिघांना चार शहरं आखून दिली : व्हिएन्ना, प्राग, फ्लॉरेन्स, व्हेनिस. राहायची घरं ऑनलाइन ठरवली आणि चारही पत्ते एका कागदावर छापून दिले. ह्यांनी ते फोनमध्ये घातले. वन्संनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये पासपोर्टच्या वर ठेवला. सहलीत पुढे जे काही झालं ते ह्या दोन पक्षांमधलं युद्ध होतं. मी तटस्थ राष्ट्र होते, म्हणजे बॅगा सांभाळत होते.

व्हिएन्नात युद्धाला तोंड फुटलंच नाही. त्या शहराचे तेवीस विभाग, आणि विभागाचा आकडा पोस्टाच्या कोडच्या मधोमध बसवलेला. १०१० म्हणजे पहिला विभाग, १०७० म्हणजे सातवा. रस्त्याच्या निळ्या पाटीवरही नावाच्या आधी विभागाचा आकडा. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर नंबर मध्यापासून सुरू होतात. पत्त्यात घर, मग जिना, मग दार, तिरप्या रेघांनी वेगळे केलेले. आम्ही स्टेशनातून निघालो आणि सरळ दाराशी पोचलो. ‘चांगलं आहे,’ वन्सं म्हणाल्या, ‘पण इथे पोस्टमनला डोकं लागत नाही.’ त्यांना खटकली ती एकच गोष्ट : बेलच्या बटणांसमोर नावं नव्हती, नुसते आकडे. मुलाने फोनवर सांगितलं, की २०१८ मध्ये इथल्या नगरपालिकेने खासगी माहितीच्या नव्या कायद्यामुळे आपल्या दोन लाखांहून जास्त घरांच्या बेलवरची नावं काढायची ठरवली. वन्सं बराच वेळ गप्प होत्या. स्वतःच्या दारावर स्वतःचं नाव नको असणारी माणसं त्यांनी पुण्यात पाहिली नव्हती. तिथे नावाखाली पदवी, पदवीखाली सूचना आणि सूचनेखाली वेळ असते.

प्रागला घरांना दोन-दोन पाट्या निघाल्या. एक लाल, एक निळी, दोन्हींवर वेगळे आकडे. हे निळ्या आकड्याने निघाले, वन्सं लालने, आणि मी दोघांच्या मध्ये चौकात. निळा नंबर रस्त्याप्रमाणे लागतो, लाल नंबर त्या भागात घर ज्या क्रमाने नोंदलं गेलं त्याप्रमाणे, हे एका बाईंनी समजावलं. त्या बाई वन्संनीच गाठल्या होत्या. वन्संचं निरीक्षण असं, की युरोपात रस्त्यावर रिकामा माणूसच नाही. पानाची टपरी नाही, रिक्षा स्टँड नाही, पारावर बसलेले आजोबा नाहीत. जो तो एक तर घाईत किंवा आपल्यासारखाच पाहुणा. मग विचारायचं कुणाला? ‘कुत्रेवाल्याला. कुत्रं घेऊन कुणी परदेश बघायला येत नाही.’ ही कसोटी संपूर्ण सहलीत एकदाही खोटी ठरली नाही. ह्यांचा फोन मात्र दोनदा बंद पडला.

किल्ल्याकडे चढत जाणारी नेरुदोवा नावाची गल्ली आहे. लोक तिथून धापा टाकत वर जातात, कारण वर किल्ला आहे. वन्सं प्रत्येक दारापाशी थांबत वर गेल्या, कारण दारावर चित्रं आहेत. दोन सूर्य, तीन व्हायोलिनं, सोन्याचा पेला, लाल कोकरू. नंबर नव्हते तेव्हा ही घरं ह्याच खुणांनी ओळखली जात. तीन व्हायोलिनांच्या घरात खरोखरच व्हायोलिन बनवणारं घराणं राहत होतं. दोन सूर्यांच्या घरात लेखक यान नेरुदा राहायचा, त्याच्याच नावाची ही गल्ली.

‘डुल्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा,’ वन्सं पुण्यातल्या खुणांचा हिशेब मांडल्यासारख्या म्हणाल्या. ‘नंबर कधी आले?’

१७७० च्या सुमारास. सम्राज्ञी मारिया थेरेसाने सैन्यभरतीसाठी घरं मोजून घेतली आणि नंबर टाकले.

‘म्हणजे नंबर पत्र आणायला नव्हते, मुलगा न्यायला होते!’

टपाल खात्याला मधे ओढून युरोपचा एवढा इतिहास एका वाक्यात कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा किल्ल्याची तिकीटखिडकी बंद झाली होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन सूर्यांचा फोटो दाखवला.

फ्लॉरेन्समध्ये ह्यांचा पराभव झाला तो जेवणाच्या वेळी, म्हणून तो जास्त लागला. मुलाने एका खाणावळीचा पत्ता पाठवला होता, छप्पन्न आणि पुढे ‘आर’ हे अक्षर. अक्षराकडे ह्यांनी दुर्लक्ष केलं. छप्पन्न नंबर सापडला, बेल वाजवली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक आजी डोकावल्या. हे खालून म्हणाले, तिघांसाठी टेबल. आजींनी एकही शब्द न बोलता रस्त्याच्या पार टोकाकडे बोट दाखवलं आणि खिडकी लावून घेतली. त्या बोटात अनेक वर्षांचा सराव होता.

त्या शहरात दुकानं, खाणावळी, धंद्याच्या जागा ह्यांना लाल नंबर आणि राहत्या घरांना निळे किंवा काळे. दोन्ही रांगा एकाच रस्त्यावर आपापल्या गतीने चालतात, एकमेकींची चौकशी करत नाहीत. लाल छप्पन्न आणि काळा छप्पन्न ह्यांच्यामध्ये भलं मोठं अंतर असू शकतं. लालची खूण म्हणजे ते ‘आर’. वन्संना हे आधीच कळलं होतं का, असं मी रात्री विचारलं. ‘पहिल्या दुकानापाशीच,’ त्या म्हणाल्या. मग सांगितलं का नाही? ‘तो फोन बघत होता ना.’ सख्खा भाऊ असला तरी सॉर्टरच्या कामात कुणी लुडबुड केली की त्या गप्प बसतात, ही त्यांची जुनी पद्धत आहे म्हणे.

व्हेनिस मात्र वन्संसाठीच बांधलं होतं.

पत्ता असा होता : कास्तेल्लो, चार हजार तीनशे अमुक, आणि पोस्टाचा कोड ३०१२२. बस. रस्त्याचं नाव नाही. ह्यांनी फोनवर मुलाला झापलं, की अर्धा पत्ता देतोस काय. फोनमधला निळा ठिपका उंच भिंतींच्या बोळांत गेला की भांबावतो. आमचा ठिपका तर सरळ कालव्यात उतरला आणि तिथे तरंगत राहिला. ‘ह्याचं ऐकलंस तर आपण बुडणार,’ वन्संनी बजावलं. पिवळ्या पाटीवर सान मार्को असं लिहून एक बाण डावीकडे होता. दुसरा उजवीकडे. पाटीखाली एक कुटुंब भांडत होतं, कोणत्या भाषेत ते कळलं नाही, पण आशय पूर्ण समजला.

वन्सं पुलाच्या पायरीवर बसल्या, कागद काढला, वाचला आणि हसल्या. सहलीतलं ते पहिलं हसू. ‘अरे, ही तर सदाशिव पेठ!’

आणि होतंही तसंच. व्हेनिसचे सहा भाग, त्यांतला कास्तेल्लो एक. घरांना नंबर गल्लीप्रमाणे नाहीत, भागाप्रमाणे आहेत. एका भागात एकापासून सुरू होतात आणि हजारोंत जातात, कास्तेल्लोत तर साडेसहा हजारांच्या पुढे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन अमलात ही मांडणी झाली. आपल्या पेठेत घर ‘चौदाशे अमुक, सदाशिव’ असतं, रस्त्याचं नाव कुणी घालत नाही आणि घातलं तर पोस्टमनला संशय येतो, तसंच हे. जगभरातले लोक जिथे हरवतात तिथे वन्सं तब्बल सत्तरी ओलांडून घरी आल्या होत्या.

‘भिंत सोडायची नाही,’ त्यांनी हुकूम दिला. ‘इथे नंबर रस्त्याने चालत नाहीत, भिंतीने चालतात.’ एक हात भिंतीला लावून त्या निघाल्या, जशी देवळाला प्रदक्षिणा घालावी. बोळ आत वळला, वन्सं आत वळल्या. आत अंगण, अंगणात विहीर, विहिरीभोवती चार दारं, चारही नंबर पुढचे-पुढचे, आणि परत बाहेर. मागून हे दोन बॅगा घेऊन. व्हेनिसला चारशेंहून जास्त पूल आहेत आणि त्यांना पायऱ्या असतात, एवढं सांगितलं म्हणजे ह्यांच्या मनःस्थितीबद्दल वेगळं लिहायला नको.

बोळांची नावं भिंतीवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांत रंगवलेली. एकाच बोळाच्या दोन टोकांना कधी दोन वेगळी स्पेलिंगं. वन्संना ह्याचा विलक्षण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सान मार्को भागात ‘अस्सास्सिनी’ अशी पाटी दिसली, म्हणजे मारेकऱ्यांच्या नावाचा रस्ता. ‘आपल्याकडे खुन्या मुरलीधर आहे. ह्यांनी नुसता खुनी ठेवलाय, देव काढून टाकला.’

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी आम्ही दारासमोर पोचलो, चार हजार तीनशे अमुक, आणि त्याच वेळी पुलावरून ढकलगाडी उतरवत एक पोस्टमन आला. ह्यांनी त्याला पत्ता दाखवायला फोन पुढे केला. वन्संनी फोनवर हात ठेवला. स्वतःच्या छातीला बोट लावून ‘इंडिया, पोस्ट’ म्हणाल्या, मग दाराकडे बोट, मग कागदाकडे. पोस्टमनने तिन्ही नीट पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना उत्तर नको होतं, शिक्का हवा होता.

टपाल तिकीट इटलीत तंबाखूच्या दुकानात मिळतं. हे कळल्यावर वन्सं म्हणाल्या, ‘शेवटी सापडला एकदाचा पानवाला!’ तिथे त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि ते स्वतःलाच लिहिलं. पत्त्यात नाव, सदाशिव पेठ, पुणे, ४११०३०, भारत. घराचा नंबर मुद्दाम घातला नाही. हे म्हणाले, पोचणार नाही. ‘बघू ना,’ वन्सं म्हणाल्या.

आम्ही परत आलो, सहलीचे फोटो बघून झाले, पावसाळा सुरू झाला. मग एका दुपारी बेल वाजली. दारात छत्री मिटवत पोस्टमन, हातात व्हेनिसचं कार्ड. वन्संचा चेहरा उजळला. त्यांनी विचारलं, ‘नंबर नव्हता, तरी आणलंत?’

‘आणलं,’ पोस्टमन म्हणाला. ‘पण बाई, खात्यात आयुष्य काढलंत ना तुम्ही? पत्ता पूर्ण लिहीत जा.’